उत्तर: एच-इंडेक्सवरून औषध-रसायनशास्त्रज्ञ मोजायचा का?

एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाने किती पेपर लिहिले आणि इतरांनी त्यांचा किती उल्लेख केला यावरून काढलेला आकडा. "ज्याचे पेपर जास्त, तो संशोधक मोठा" हे मत कॉलेजात चालेल, औषध कंपनीत नाही. तिथलं निम्मं काम पेटंटात जातं आणि उरलेलं कपाटात.

औषध-रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर लिपिन्स्कींचं बघा. फायझर या औषध कंपनीच्या अमेरिकेतल्या ग्रॉटनच्या प्रयोगशाळेत उभी हयात गेली, पण जगभर नाव झालं ते मुख्यतः 1997 च्या एका लेखामुळे. तोही एकट्याचा नाही, चौघांचा. त्यात धोक्याच्या चार खुणा दिल्यात: रेणूभार 500 च्या वर, लॉग-पी (संयुग पाण्यापेक्षा तेलकट द्रवात किती जास्त विरघळतं याचं माप) 5 च्या वर, रेणूतले हायड्रोजन-बंध देणारे गट 5 हून जास्त, घेणारे 10 हून जास्त. यातल्या दोन खुणा दिसल्या की गोळी पोटातून नीट शोषली जाणार नाही अशी शंका घ्या. सगळे आकडे पाचाच्या पटीत, म्हणून 'रूल ऑफ फाइव्ह'. (नियम मात्र चारच!)

आकडे सगळ्यांना पाठ असतात, लेखातला प्रयोग कुणी वाचत नाही. डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं संयुग थोडं थोडं करून पीएच 7 च्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या, जवळजवळ उदासीन पाण्याच्या द्रावणात) सोडायचं आणि द्रावण कधी गढूळ होतं ते बघायचं. विरघळतच नसेल तर शोषलं काय जाणार?

या लेखाची सायटेशन (इतर लेखांतले उल्लेख) हजारोंनी, पण त्यातले कित्येक जण नुसता नियमाचा उल्लेख करून पुढे जातात. अवयव-प्रत्यारोपणानंतर देतात त्या सायक्लोस्पोरिन या औषधाचा रेणूभार 1200 च्या आसपास, तरी ते तोंडावाटे देतात. अपवाद असतात हे मूळ लेखातच लिहिलंय.