महापालिकेकडे वसाहतीचे प्रश्न मांडताना निवेदन कसे लिहावे, म्हणजे त्यावर खरोखर कार्यवाही होईल?

जुळे सोलापूरचा रहिवासी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमची वसाहत हद्दवाढ भागात आहे. १९९२ साली हा भाग शहरात आला, वस्ती वाढत गेली, परंतु तिच्यामागून यायला हव्या होत्या त्या सोयी तुकड्यातुकड्यांनी आल्या. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि शेवटच्या ओळीतील घरांपर्यंत ते पुरेसे पोहोचत नाही. पावसाळ्यात नाल्यालगतच्या गल्लीत पाणी साचते, अंतर्गत रस्त्याचा काही भाग अजून कच्चा आहे, आणि मुख्य रस्त्यापासून आत येणाऱ्या वाटेवरील पथदिवे बहुधा बंद असतात.

हे सगळे विषय एकत्र लिहून, बऱ्याच घरांच्या सह्या घेऊन आम्ही यापूर्वी निवेदने दिली आहेत. प्रत्येक वेळी आवक शिक्का मारून पोच मिळाली, परंतु पुढे काय झाले याचा माग लागला नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता, त्यामुळे बोलायचे कोणाशी, हाच प्रश्न असे. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि आता प्रभागाला पुन्हा सदस्य मिळाले आहेत, म्हणून नव्याने निवेदन करण्याचा विचार आहे. वसाहतीत मात्र दोन मते आहेत. ज्येष्ठ मंडळी म्हणतात की सविस्तर निवेदन घेऊन थेट आयुक्तांना भेटावे. तरुणांचे म्हणणे असे की कागदाला कोणी विचारत नाही, घागर मोर्चा काढल्याशिवाय दखल घेतली जाणार नाही. ज्यांना या कामाचा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे की निवेदन कोणाला द्यावे, त्यात काय असावे आणि सर्व विषय एकत्र मांडावेत की वेगवेगळे.

निवृत्त अभियंता, पाणीपुरवठा

मी नोकरीच्या काळात दुसऱ्या शहरात अशी निवेदने पुष्कळ वाचली आहेत, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. चार विषय एका कागदावर आले की तो कागद कोणत्याही एका खात्याचा राहत नाही. पाणी, रस्ता, नाला आणि दिवे ही चार वेगवेगळ्या विभागांची कामे आहेत. आवक विभाग तो कागद पहिल्या विषयाच्या खात्याकडे पाठवतो, तेथील लिपिक आपल्यापुरते उत्तर तयार करतो, आणि उरलेले तीन विषय त्याच फाइलमध्ये बंद होतात. त्यामुळे एका विषयाला एक निवेदन, हा नियम पाळावा. वरिष्ठांना प्रत अवश्य द्यावी, परंतु मूळ अर्ज आपल्या विभागीय कार्यालयातच द्यावा, कारण प्रत्यक्ष पाहणीचा शेरा शेवटी तिथलाच अभियंता लिहिणार असतो.

यापेक्षा महत्त्वाचे आहे ते निवेदनातील मजकुराचे. "कमी दाबाने पाणी येते" या वाक्यावर अभियंत्याला काहीही करता येत नाही, कारण कोठे, केव्हा आणि किती कमी हे त्यातून कळत नाही. आपल्या शहराचे पाणी तीन ठिकाणांहून येते: उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, टाकळी येथून भीमा नदीचे, आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावाचे. त्यापुढे पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठेतील जलशुद्धीकरण केंद्रे, मग निरनिराळे जलकुंभ, आणि शेवटी गल्लीतील वाहिनी. दोष या साखळीत कोठेही असू शकतो. उजनीकडे वीज गेली किंवा मोठी वाहिनी फुटली तर अर्धे शहर कोरडे पडते, आणि त्यात तुमच्या गल्लीची वेगळी तक्रार उरत नाही. याउलट शेजारच्या गल्लीत त्याच वेळी पुरेसे पाणी येत असेल, तर दोष जवळच आहे: अर्धवट उघडलेला वॉल्व्ह, चढावरची घरे, वाहिनीचा अपुरा व्यास, किंवा नळाला थेट जोडलेल्या मोटारी. यांपैकी काय आहे याचा अंदाज येण्याजोगी माहिती फक्त रहिवासीच देऊ शकतात.

त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. गल्लीच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे अशी घरे निवडावीत. प्रत्येक पाळीला पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले, आणि वीस लिटरची बादली भरायला किती वेळ लागला, एवढे वहीत लिहावे. समजा शेवटच्या घरी बादलीला दोन मिनिटे लागली, तर मिनिटाला दहा लिटर, आणि पाणी तीन तास टिकले तर सर्व मिळून १८०० लिटर झाले. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हे केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेतील प्रमाण आहे. पाच माणसांच्या घराला त्याप्रमाणे दिवसाला ६७५ लिटर लागतात, आणि पाणी पाचव्या दिवशी येत असेल तर एका पाळीत ३३७५ लिटर मिळायला हवेत. म्हणजे त्या घराला जेमतेम निम्मे पाणी मिळाले. पहिल्या घराच्या बादलीला अर्धे मिनिट आणि शेवटच्या घराच्या बादलीला दोन मिनिटे, अशा काही पाळ्यांच्या नोंदी आणि सोबत गल्लीचा हाताने काढलेला नकाशा पाहिल्यावर कोणत्याही अभियंत्याला पाहणीला येण्यावाचून गत्यंतर राहत नाही, कारण या आकड्यांना "नोंद घेतली आहे" हे उत्तर पुरत नाही.

पाण्याच्या रंगाची आणि वासाची नोंदही याच वहीत करावी. पुरवठा बंद असतो त्या दिवसांत वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि ती जेथे झिरपत असेल तेथून बाहेरचे सांडपाणी आत शिरू शकते, त्यामुळे पहिली काही मिनिटे गढूळ पाणी येणे ही क्षुल्लक बाब समजू नये. नळाच्या टोकाला क्लोरीनचा अंश लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. त्याच्या चाचणीत पाण्याच्या नमुन्यात द्रावणाचे काही थेंब टाकतात आणि पिवळा रंग येतो का ते पाहतात. रंग आलाच नाही तर हे प्रकरण दाबाचे राहत नाही, आरोग्याचे होते, आणि त्यासाठी वेगळा, तातडीचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.

मोर्चाबद्दल माझे मत असे की तो काढण्याचा अधिकार आपल्याला आहेच, परंतु ही वही हातात नसेल तर मोर्चाच्या शेवटीही आश्वासनाखेरीज काही पदरात पडत नाही.

पूर्व भागातील शिक्षिका

अभियंता साहेबांची वहीची सूचना मला पूर्णपणे मान्य आहे, परंतु वही लिहिणार कोण, याचा विचार तितक्याच काळजीने व्हायला हवा. वसाहतीतील निवेदने बहुधा सुशिक्षित, निवृत्त पुरुष लिहितात, आणि पाणी भरतात मात्र बायका. आमच्या पूर्व भागात अनेक घरांत विडी वळण्याचे काम चालते आणि मजुरी हजार विड्यांमागे मिळते. दुपारी पाणी सुटले की ती बाई सूप बाजूला ठेवून भांडी भरायला उठते, आणि तेवढ्या वेळाची तिची मजुरी जाते. मध्यरात्री सुटले तर घरातले यंत्रमागावरच्या पाळीहून नुकतेच आलेले माणूस जागे राहते. पाण्याच्या वेळेची अनिश्चितता हे त्यांचे सर्वांत मोठे गाऱ्हाणे आहे, आणि मी पाहिलेल्या बहुतेक निवेदनांत मात्र ते कोठेही आलेले नव्हते, कारण त्यांना कोणी विचारलेच नाही.

आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी शेजारी आहेत. अनेक आजींना आपली अडचण तेलुगूत नेमकी सांगता येते, पण मराठी कागदावर त्या अंगठा तेवढा उमटवतात. आमच्या बोळात आम्ही शाळेतल्या मोठ्या मुलींना घरोघर पाठवले. घरच्या भाषेत ऐकायचे आणि मराठीत लिहायचे, एवढेच त्यांचे काम होते. त्यातून असे समजले की ज्या घरांकडे टाकी नाही ती पिंपे, हंडे आणि मिळेल त्या भांड्यांत पाणी साठवतात. साहेबांचा ३३७५ लिटरचा हिशेब धरला तर दोनशे लिटरची सतरा पिंपे लागतील. एका खोलीच्या घरात ती ठेवायची कोठे? म्हणून जेवढे मावते तेवढेच भरायचे, आणि वाहत्या नळाकडे बघत बसायचे. शिवाय साठवलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा असे आरोग्य कर्मचारी सांगतात. सल्ला योग्य आहे. परंतु पुढचे पाणी कधी येणार हे ठाऊक नसताना असलेले पाणी ओतून द्यायला कोणतीही गृहिणी धजावत नाही.

हे आम्ही निवेदनात लिहिले, आणि मागणी एकच ठेवली: पाणी सोडण्याचा दिवस आणि वेळ आदल्या दिवशी कळवावी, आणि बदल झाल्यास संदेश द्यावा. जास्त पाण्याची मागणी धरणापर्यंत जाते, वेळेची मागणी चावी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यापाशी सुटू शकते. आता त्या कर्मचाऱ्याचा निरोप गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर येतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. पाणी वाढलेले नाही, परंतु रात्रीची जाग्रणे थांबली आहेत, आणि माझ्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

वकील, सात रस्ता

वरील दोन्ही उत्तरांना कायद्याची जोड देतो. महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे आणि त्यात पाणीपुरवठा, सांडपाण्याचा निचरा, सार्वजनिक रस्ते व दिवाबत्ती ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. त्यामुळे निवेदनात "कृपा करून" असे लिहिण्याची गरज नाही. भाषा सभ्य असावी, परंतु मागणी हक्काची आहे हे त्यातून दिसावे.

लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचा दिवस, महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि पुष्कळांना माहीत नसलेली अट अशी की तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. वसाहतीचे सामूहिक निवेदन तेथे अडते. म्हणून शेवटच्या घरातील रहिवाशाने स्वतःच्या नळापुरता, स्वतःच्या नावाने अर्ज करावा. त्या नळाची चौकशी झाली की गल्लीची वाहिनी आपोआप तपासली जाते.

दिलेल्या निवेदनांचा माग काढण्यासाठी माहिती अधिकार अधिनियम २००५ पुरेसा आहे. दहा रुपयांचे शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, हे आपल्या राज्याचे नियम आहेत. "काम का झाले नाही" असे विचारू नये, कारण कायद्यानुसार माहिती म्हणजे अभिलेखात असलेली माहिती, आणि कारणे बहुधा अभिलेखात नसतात. आवक क्रमांक आणि दिनांक देऊन त्या निवेदनावरील शेरे, टिपण्या व पाहणी अहवालाच्या प्रती मागाव्यात. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करावे. याशिवाय राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय आहे. शक्य असेल तर मी आधी तेथेच जाण्याचा सल्ला देतो, कारण फाइल डोळ्यांनी पाहिली की नेमके कोणते पान मागायचे ते कळते.

आता सभागृहाविषयी. सर्वसाधारण सभेत बोलण्याचा अधिकार सदस्यांना आहे, आपल्याला नाही. बहुतेक प्रभागांतून चार सदस्य निवडून येतात आणि त्यामुळे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा धोका असतो, म्हणून निवेदन चौघांच्याही नावाने एकाच कागदावर द्यावे आणि चौघांची पोच त्याच प्रतीवर घ्यावी. प्रभाग समितीत नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी किंवा वस्ती पातळीवरील संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींना घेण्याची तरतूद आहे. २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे आपापल्या भागातील मतदारांच्या सभेचीही तरतूद झाली, परंतु ती राज्यात फारशी रुजली नाही. आपल्या सदस्यांना क्षेत्रसभा बोलावण्याची लेखी विनंती जरूर करावी, कारण मागणीच झाली नाही तर ही तरतूद पुस्तकातच राहील.

रस्ता आणि नाला यांना पैसा लागतो, आणि आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर पावसाळ्यात नाल्याचे निवेदन दिले तर "तरतूद नाही" हे उत्तर खोटे नसते. ते निवेदन दिवाळीच्या सुमारास, नुकत्याच संपलेल्या पावसाळ्यातील दिनांकित छायाचित्रांसह द्यावे, म्हणजे अंदाजपत्रक तयार होताना ते टेबलावर असेल.

जुळे सोलापूरचा रहिवासी

तिघांचेही मनापासून आभार. पाण्याची वही या पाळीपासून सुरू करतो, आणि ती लिहिण्याचे काम शेवटच्या ओळीतील भगिनींकडे सोपवण्याचे ठरले आहे. पथदिव्यांसाठी खांबांचे क्रमांक टिपून वेगळा अर्ज देऊ. एक शंका उरते. त्या ओळीतील बरीच कुटुंबे भाड्याने राहतात, काहींचे मतदान अजून अक्कलकोट किंवा मोहोळ तालुक्यातील गावी आहे, आणि मिळकत कराची पावती घरमालकाच्या नावावर निघते. त्यांच्या सह्या निवेदनावर घ्याव्यात का? काही घरमालकांचे म्हणणे आहे की घेऊ नयेत.

वकील, सात रस्ता

अवश्य घ्याव्यात. निवेदन म्हणजे मतदान नव्हे, आणि ते देण्यासाठी मतदार यादीत नाव किंवा मिळकतीची मालकी लागत नाही. सहीपुढे नाव, घराचा मिळकत क्रमांक आणि "भाडेकरू" असा स्पष्ट उल्लेख करावा, म्हणजे पुढे कोणी आक्षेप घेणार नाही. नळजोड घरमालकाच्या नावावर असल्याने त्या घरापुरता वैयक्तिक अर्ज करायचा असेल तेव्हा मालकाचे साध्या कागदावरील संमतिपत्र जोडले तर काम सोपे होईल.

पूर्व भागातील शिक्षिका

आणि संमतिपत्र द्यायला मालक तयार नसतील तर त्यांच्याशी बोलण्याचे काम वसाहतीने करावे, भाडेकरूवर सोपवू नये. घर सोडायला सांगतील या भीतीने ती माणसे गप्प राहतात आणि वहीतले नेमके तेच पान कोरे राहते.