शनिवारचा प्रयोग: बागेतून कधी उठायचं?

चिटणीस:
नमस्कार मंडळी. प्रयोग अडीचला. ऊन छान पडणार म्हणून सव्वादोनपर्यंत बागेतच बसू, असा काहींचा आग्रह आहे. माझं मत, दोनला आत. गेल्या खेपेचं पुन्हा उगाळत नाही. तिकिटं ज्याची त्याला पाठवली आहेत. सगळा गठ्ठा एकाच फोनवर असला की तो मागे राहिला तर बाकीचे दारात खोळंबतात.

खजिनदार:
दोनला कशाला? बाग पाच मिनिटांवर. तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत असलं की झालं. एवढं ऊन वर्षातून किती वेळा मिळतं?

नाट्यसमिती:
काका, चालायला पाच मिनिटं, पण डोळ्यांचं काय? लख्ख उन्हातून अंधारात आल्यावर डोळा पाच-दहा मिनिटांत थोडाफार सरावतो. मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींना मात्र वीस ते तीस मिनिटं लागतात, वय झालं की त्याहून जास्त. सज्जाच्या उतरत्या पायऱ्यांच्या कडा तेवढा वेळ नीट दिसत नाहीत. दोनला आत येऊन मंद दिव्यांत बसलं की प्रश्न मिटतो. बागेत टोपी, गॉगल हवाच, त्यानेही डोळे लवकर सरावतात.

उन्हात काळा होणारा चष्मा असेल त्यांनी साधाही आणावा. ती काच काळी पटकन होते, निवळायला मात्र काही मिनिटं घेते, आणि गार हवेत आणखी रेंगाळते. एसी सभागृहात नेमकं तेच होतं.

तिकीट समिती:
गॉगलवरून आठवलं. गॉगल लावल्यावर फोनची स्क्रीन काळी दिसली तर फोन बिघडलेला नसतो, काच पोलराइज्ड, म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडणारी, असते. फोन आडवा धरा. आणि फोन उन्हात बाकावर ठेवू नका. तापला की तो स्वतःच स्क्रीन मंद करतो आणि दारातल्या स्कॅनरला कोड वाचता येत नाही. सावलीत ठेवा, कव्हर काढा, त्या वेळी चार्जिंग नको. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, काही तिकिटांचे कोड सतत बदलत असतात. (हे मी बुधवारी कळवणारच होते. तिकिटांच्या सूचना एकाच ठिकाणाहून गेल्या तर बरं.)

खजिनदार:
ताई, सूचना कोणीही देवो, शालीचं कोण सांगणार? घामेजलेल्या कपड्यांनी एसीत बसलं की अर्ध्या तासात हुडहुडी भरते. खाली गार, वर सज्जात उबदार, कारण गरम हवा वर चढते. वरच्यांनी शाल नाही आणली तरी चालेल.

नाट्यसमिती:
वरचंही हॉलवर अवलंबून आहे, एसीचा झोत छतातून येत असेल तर उलटंच. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी तिकीट खिडकीवर विचारा, लूप (आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारी तार) आहे का आणि कुठल्या रांगांत चालतो. यंत्र ‘टी’वर, म्हणजे लूपचा आवाज पकडण्याच्या सोयीवर, लावावं लागतं, आणि सगळ्या यंत्रांत ती सोय नसते.

चिटणीस:
ठीक. दोनला दारात, बागेतून पावणेदोनला उठायचं. काका, पाणी बागेतच पिऊन घ्या. मध्यंतरात स्वच्छतागृहाची रांग लांबते, त्यामुळे प्रयोगाआधीच जाऊन या.

खजिनदार:
मग कडेच्या खुर्च्या कोणाला? गुडघेदुखीवाल्यांना देताय, पण कडेचा माणूस आधी बसला तर आत जाणाऱ्या प्रत्येकासाठी त्यालाच उठावं लागतं.

तिकीट समिती:
रांगेत मधले आधी, कडेचे शेवटी. यादी त्याच क्रमाने लावून पाठवते. कृपया आपापसात खुर्च्या बदलू नका.