रविवारची दुपार कोणाची? ख्रिस्ती माणसाने वेळ वापरायचा कसा

वास्कोवाला :
आमच्या फेलोशिपमध्ये, म्हणजे आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत, तरुणांसाठी रविवारी अडीच ते चार बायबल स्टडी ठेवायचं चाललंय आणि त्यावरून सरळ दोन गट पडलेत. अर्धे म्हणतात गोव्यात दुपारी कोण येणार, एक ते चार दुकानं सुद्धा बंद, जेवून लोकांना पडायचं असतं. मला हे अजिबात पटत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने इफिसकरांना म्हणजे इफिसच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात स्पष्ट लिहिलंय की अज्ञान्यांसारखं नाही, शहाण्यांसारखं जपून चाला, वेळेचा सदुपयोग करा कारण दिवस वाईट आहेत (5:15-16). आणि हे पत्र बंदिवासातलं आहे हो, ज्याला दाराबाहेर जायची मुभा नाही तो माणूस वेळेबद्दल सांगतोय. आपल्याकडे आठवड्याचे 168 तास, त्यातला चर्चला दीड तास दिला की संपलं. ग्रुपमधल्या पोरांना म्हटलं सेटिंगमध्ये जाऊन आपापला स्क्रीन टाइम बघा, एकाने बघितला आणि काही न बोलता फोन परत खिशात घातला. वेळ आपल्या मालकीचा नाही, देवाने सांभाळायला दिलाय. मत्तय 25 मध्ये धन्याचं धन जमिनीत पुरून ठेवणारा चाकर आहे बघा, त्याने ना चोरी केली ना उधळपट्टी, नुसतं काहीच केलं नाही, तेवढ्यावरच धनी संतापला.

वेर्णाशिफ्ट :
दादा, मी शनिवारी रात्रपाळी करतो. सकाळी कंपनीची बस नाक्यावर सोडते, घरी जाऊन आंघोळ करून आठची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना गाठतो, प्रवचनाला डोळे मिटतात तर बायको कोपराने ढोसते. दुपारी झोपलो नाही तर रात्री परत मशीनवर उभा कसा राहू? मार्क 6:31 वाचा, लोकांची इतकी ये-जा की शिष्यांना जेवायला पण सवड नाही, तेव्हा येशूनेच त्यांना सांगितलं एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या. वादळात होडी पाण्याने भरत होती तेव्हा तो स्वतः उशीवर डोकं ठेवून झोपलेला, त्याला आळशी म्हणाल का? दहा आज्ञांतली शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा आम्ही कॅथलिक तिसरी धरतो, तुम्ही प्रॉटेस्टंट लोक चौथी, पण आज्ञा तीच ना, आणि तिच्यात दास, दासी, परका, गुरंढोरं सगळ्यांची सुट्टी लिहिलीय. विसावा काही मालकाने दिलेली सवलत नाही, देवाचा हुकूम आहे. तुम्ही त्याच दिवसात अजून एक कार्यक्रम घुसडताय.

साष्टीचीसून :
माझं माहेर सावंतवाडी, म्हणून मराठीत लिहिते. नवरा क्रूझवर आहे. सात-आठ महिने बोटीवर, मग जेमतेम दोन महिने घरी, आणि तो आला रे आला की चॅपलच्या फेस्ताची म्हणजे सणाची कमिटी, कोणाच्या घरची लदीन म्हणजे प्रार्थना, वाड्यावरचा खुरीस म्हणजे क्रूस रंगवायचाय, सगळ्यांना तोच पाहिजे कारण सुट्टीवर आलाय म्हणजे रिकामा. आमची मुलगी लहान आहे, पहिले काही दिवस ती त्याच्या हातून जेवत सुद्धा नाही. तो घास पुढे करतो आणि ही माझ्याकडे बघते. हळूहळू सवय होते तोवर परत जॉइनिंगचं लेटर येतं. चर्चची कामं वाईट असं मी म्हणत नाहीये, पण देवाचं काम म्हटलं की बाकी सगळा वेळ फुकट गेला असं जे धरलं जातं त्याचा मला राग येतो. तुम्ही 16 वं वचन घेतलंत, मग तोच अध्याय पुढे वाचा ना. 17 मध्ये प्रभूची इच्छा काय ते समजून घ्या म्हटलंय, आणि 25 मध्ये पतींनो, आपापल्या पत्नीवर प्रीती करा.

वास्कोवाला :
वहिनी, तुमचं खरं आहे, तुमच्या मिस्टरांना मी कमिटीत बोलावणार नाही. पण मधलं 18 वं वचन पण वाचूया, दारूने धुंद होऊ नका. दुपारी झोपणारे सगळे रात्रपाळीवाले नसतात. कितीतरी जण तावेर्नातून म्हणजे दारूच्या गुत्त्यातून येऊन पडतात आणि अठरा वर्षांची पोरं रात्री दोनपर्यंत रील्स बघून दुपारी घोरतात, याला विसावा म्हणायचं का? शब्बाथाच्या त्याच आज्ञेत सहा दिवस काम कर असं पण आहे, ते कोणी सांगत नाही.

पेडणेकर सर :
मी ख्रिस्ती नाही, मराठीचा मास्तर होतो, म्हणून एकच गोष्ट सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स 1579 ला गोव्यात आले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं 1616 ला. मधे 37 वर्षं. इंग्लंडमधला माणूस, साष्टीत पाद्रीचं काम करत इथल्या भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगितली, त्याही हजारोंनी. मधल्या एखाद्या वर्षी कोणी विचारलं असतं यंदा काय केलंत, तर दाखवायला फारसं काही निघालं नसतं. तासाला माप लावणाऱ्या माणसाला असं काम दिसतच नाही.

वास्कोवाला :
सर, पण ती 37 वर्षं झोपून नाही ना गेली. बसून शिकले म्हणूनच ओव्या झाल्या, मी तरी दुसरं काय मागतोय?

वेर्णाशिफ्ट :
मग सकाळी ठेवा की. सर्व्हिस झाल्या झाल्या पाऊण तास, चहा-पाव द्या, पोरं थांबतील.

वास्कोवाला :
नाही जमत. आमची निम्मी पोरं हॉटेलात आहेत, रविवारी सकाळी ब्रेकफास्टची ड्युटी, दोनला सुटतात आणि कोणाकोणाची संध्याकाळी परत पाळी. सकाळच्या सर्व्हिसलाच ती नसतात. अडीचची वेळ त्यांच्यासाठीच काढली, नाहीतर त्यांच्या कानावर वचन पडणार कधी?

साष्टीचीसून :
हे आधी लिहायला पाहिजे होतं, आम्ही उगाच झोपेवर भांडत बसलो. पण मग त्या पोरांना कोणी विचारलंय का? पहाटेपासून ट्रे घेऊन उभं राहिल्यावर दोन वाजता त्यांना आधी वचन पाहिजे की पाय पसरायला जागा, हे त्यांनाच विचारा, आणि त्यांनी झोप म्हटलं तर आळशी म्हणू नका.

वास्कोवाला :
विचारतो. पण नाही म्हणाले तरी मी अडीचला हॉल उघडून बसणार, एक जण आला तरी चालेल.