मदत हवी आहे : चतुर्थक अमोनियम क्षाराची शुद्धता शंभराच्या वर येतेय

खानापूरकर : एमएस्सीचं प्रोजेक्ट, चतुर्थक क्षार (नायट्रोजनला चार कार्बन गट जोडलेले) करायचा होता. ट्रायइथिल अमाइन आणि बेंझिल क्लोराइड रिफ्लक्स केलं (कंडेन्सर लावून उकळवलं). पांढरे खडे मिळाले, गाळून इथरनं धुतले. मोहर पद्धतीनं (सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशननं) क्लोराइड १६.८ टक्के, म्हणजे शुद्धता १०८! सोमवारी सरांना दाखवायचंय, लवकर सांगा.

निपाणी_लॅब : सॉल्व्हंट कुठला? सुकवलेला की बाटलीतला? बेंझिल क्लोराइड किती जुनं? काहीच लिहिलं नाहीस.

उद्यमबाग : अ‍ॅसिटोनायट्राइल घ्या. सॉल्व्हंट बदलला की वेग कितीतरी पटींनी बदलतो, मेन्शुटकिन या रशियन रसायनशास्त्रज्ञानं १८९० मध्येच दाखवलंय.

निपाणी_लॅब : वेग कुणी विचारलाय? प्रश्न क्लोराइडचा आहे.

खानापूरकर : अ‍ॅसिटोन, बाटलीतलंच. बेंझिल क्लोराइड जुन्या बाटलीतलं. इकडं पाऊस थांबेना, खड्यांना लगेच पाणी सुटतंय. त्यामुळंच काय?

जुना_मास्तर : पाण्यानं टक्केवारी उतरली असती, चढली नसती. शुद्ध क्षारात क्लोराइड १५.५६ टक्के. ट्रायइथिल अमाइन हायड्रोक्लोराइडचा रेणू लहान, त्यात २५.७५. ओलाव्यानं बेंझिल क्लोराइड फुटलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, अमाइन ते धरतं आणि तोही क्षार पांढराच. मोहरला दोन्ही सारखेच. खडे नीट सुकव, कारण मोकळं अमाइन चिकटलेलं असलं तरी वास येतो. मग चिमूटभर पाण्यात विरघळवून सोडियम हायड्रॉक्साइड घाल, तापवू नको. मासळीसारखा वास आला तर हायड्रोक्लोराइड आहे. चतुर्थक नायट्रोजनवर काढून घ्यायला हायड्रोजनच नाही, त्यातून अमाइन सुटणार नाही.

फिनाइलवाले : एवढं कशाला? सरळ चतुर्थकाचंच टायट्रेशन कर : क्लोरोफॉर्म, मेथिलीन ब्ल्यू, सोडियम लॉरिल सल्फेट. दोन्ही थरांचा निळा सारखा झाला की एंड पॉइंट. बेंझालकोनियम (जंतुनाशकातला चतुर्थक क्षार) आम्ही असंच तपासतो, कधी अडलं नाही.

जुना_मास्तर : बेंझालकोनियमला बारा-चौदा कार्बनची शेपटी आहे, म्हणून ते क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं. इथं नुसते इथिल गट. चतुर्थकाचा साका पाडून मोजायला अल्कधर्मी द्रावणात सोडियम टेट्राफिनाइलबोरेट वापर. पण पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेऊ नको, पोटॅशियमही साक्यात बसतं.

फिनाइलवाले : एकदा करून तर बघू दे की पोराला.

अथणी_द्राक्षबाग : खरड छाटणीनंतर आम्ही सीसीसी फवारतो, तेबी ह्यातलंच काय? डबा शेडात ओलीला हाय.

निपाणी_लॅब : होय, सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, चतुर्थकच. ते बहुतेक पाण्यातच विरघळवलेलं मिळतं, झाकण घट्ट असलं की बास. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा.

खानापूरकर : सर, वास आला, जोराचा! आता दोन्ही वेगळे कसे करायचे?

जुना_मास्तर : सोमवारच्या आत त्यात पडू नको, परत कर. सुकवलेलं अ‍ॅसिटोन, बेंझिल क्लोराइडची नवी बाटली, कंडेन्सरवर कॅल्शियम क्लोराइडची नळी. आणि फ्यूम हूडमध्येच कर, बेंझिल क्लोराइडनं डोळे फार झोंबतात.

उद्यमबाग : परत करतोच आहेस तर अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये कर.

निपाणी_लॅब : सिल्व्हर नायट्रेट प्रमाणित केलेलं काय रे? ते अजून सांगितलंच नाहीस.