विकर्णाला विसरू नका

द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने कुणीच तोंड उघडलं नाही, हे तुमचं म्हणणं पटत नाही. विदुर तर बोललाच, पण मला जास्त मोठा वाटतो तो विकर्ण. दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ! भीष्म-द्रोण गप्प असताना तो उठतो आणि मुद्देसूद बोलतो: युधिष्ठिर आधी स्वतःलाच हरला होता, द्रौपदी पाचांची पत्नी, शिवाय तिला पणाला लावायचं सुचवलं शकुनीनं. कर्ण त्याला पोरकट ठरवून गप्प करतो. तरी युद्धात विकर्ण कौरवांकडूनच लढला. चौदाव्या दिवशी भीमानं शंभरही कौरवांना मारण्याच्या प्रतिज्ञेपायी त्याला मारलं, आणि मग त्याच्यासाठी शोक केला. शंभरातल्या या एकासाठीच! तो प्रसंग वाचताना मला दर वेळी भरून येतं.