पालेभाजी पांचट का होते? (सोसायटीचा ग्रुप, डिसेंबरातला रविवार)

बी-३०२: गुड मॉर्निंग सगळ्यांना, सोसायटीचा विषय नाहीये सॉरी पण इथे सगळे अनुभवी लोक आहेत म्हणून विचारते. गेटवर भाज्या एवढ्या स्वस्त झाल्यात की मेथी, शेपू, चाकवत, लाल माठ सगळंच घेऊन ठेवलंय. आता प्रॉब्लेम असा की माझी पालेभाजी कायम पांचट होते, कांदा घालते मिरची घालते लसूण घालते गरम मसाला पण घालून बघितला, तरी खाली हिरवं पाणी आणि वर चोथा, डब्यात नेली तर पोळी भिजते. सासूबाईंच्या हातची तीच मेथी एकदम मोकळी होते. नक्की काय चुकतं?

डी-३०३: ताई सोप्पं आहे, पनीर टाका

ए-१०१ (काकू): पनीर टाकून पाणी कुठे जाणारे? आणि मेथीत गरम मसाला??? बरं ते राहू दे, धुतल्यावर निथळू देतेस की लगेच चिरतेस?

बी-३०२: चाळणीत ठेवते ना काकू पाच मिनिटं, मग चिरते

ए-१०१ (काकू): पाच मिनिटांत काय निथळणार, पानापानाला पाणी धरून असतं. रात्री निवडायची, धुवायची आणि जुन्या सुती पंचावर पसरून ठेवायची, सकाळी हाताला कोरडी लागली की चिरायची. चिरून मग धुवायची नाही कधी, वास आणि सत्त्व दोन्ही मोरीत जातं. आणि धुताना पातेलं चाळणीत उपडं करू नकोस, तळाला बसलेली माती परत भाजीवरच येते. भाजी दोन्ही हातांनी वर उचलून घ्यायची, माती खाली राहते. शेवटच्या पाण्याच्या तळाशी बोट फिरवून बघायचं, कचकच लागली तर अजून एक पाणी.

बी-१०३: हो हे उचलून घ्यायचं आमच्या आई पण सांगायच्या. मेथीची मुळं मातीसकट असतात त्या जुडीला तर चार पाणी पण कमी पडतं

सी-४०४: काकू बरोबर बोलल्या. दुसरी गोष्ट म्हणजे कढई. लोक छोट्या कढईत अख्खी जुडी कोंबतात, वाफ बाहेर पडायला जागाच राहत नाही, मग भाजी परतली न जाता उकडते. मोठी कढई घ्या, आच मोठी ठेवा, झाकण नाही म्हणजे नाही, आणि जास्त असेल तर दोनदा करून टाका. मी ज्या दिवशी घाई असते त्या दिवशी पण हे सोडत नाही, भाजी पडल्या पडल्या चर्र आवाज आला पाहिजे, आवाज बसला की समजायचं पाणी सुटलं

बी-३०२: मी तर झाकण ठेवते 🙈 लवकर शिजावी म्हणून

ए-५०२ (सर): झाकण न ठेवण्याचं अजून एक कारण आहे. पानांत थोडी आम्लं असतात, तापल्यावर ती सुटतात, त्यातली काही वाफेबरोबर उडून जातात. झाकण असलं की ती झाकणाला लागून थेंब होऊन परत भाजीत पडतात. आम्ल आणि उष्णता मिळाली की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग खाकी होतो. म्हणून लिंबू, टोमॅटो, चिंच जे काय घालायचं ते शेवटी घालावं.

डी-३०३: सर रविवारी पण क्लास 🙏

बी-१०३: मग सर हॉटेलातलं पालक पनीर एवढं हिरवंगार कसं असतं, रंग घालतात का?

ए-५०२ (सर): काही जण चिमूटभर खायचा सोडा घालतात. रंग टिकतो पण पानं लिबलिबीत होतात आणि सी आणि बी१ जीवनसत्त्वांचं नुकसान होतं. घरी गरज नाही. उकळत्या पाण्यात मीठ घालून पालक मिनिट दीड मिनिट टाकायचा, लगेच गार पाण्यात, मग वाटायचा. एवढ्यावर रंग छान राहतो.

ए-१०१ (काकू): आणि मीठ कधी घालतेस ते सांग

बी-३०२: भाजी टाकली की लगेच

ए-१०१ (काकू): बघ. डोंगराएवढी भाजी बघून मीठ घालायचं, ती आळून मूठभर होते आणि खारट लागते, वर लवकर घातल्याने पाणी पण जास्त सुटतं. आळू दे आधी पूर्ण, मग घाल. म्हणजे अंदाज चुकत नाही.

सी-२०१: मी मूळची मालवणची, आमच्याकडे आणि गोव्यात लाल माठाची तांबडी भाजी करतात ती बघा करून. माठ बारीक चिरायचा, तेलात लसूण ठेचून, हिरवी मिरची, कांदा जरा मऊ झाला की भाजी, मोठ्या आचेवर आळवायची, मीठ, आणि उतरवताना ओलं खोबरं मूठभर. बाकी कायच नाही, हळद पण नाही, मसाला तर नाहीच. भातावर वरण आणि ही भाजी, मुलं बोटं चाटतात आमच्याकडे, ताटातला भात गुलाबी होतो म्हणून जास्त आवडते त्यांना

बी-३०२: हळद पण नाही?? मी तर सगळ्या भाज्यांना तीच फोडणी देते मोहरी जिरं हिंग हळद कांदा लसूण मिरची

ए-१०१ (काकू): तिथेच गोम आहे गं. सगळ्यांना एकच फोडणी दिलीस तर मेथी काय नि माठ काय, सगळ्याला फोडणीचीच चव येणार. प्रत्येक भाजीला तिची जोडी असते. शेपूला मुगाची डाळ आणि भरपूर लसूण, चाकवताला ताक आणि डाळीचं पीठ, कांद्याच्या पातीला पेरलेलं पीठ, चुक्याला गूळ आणि शेंगदाणे, अळूला चिंच गूळ. मेथीला मात्र फार काही नको, लसूण मिरची आणि थोडा कांदा, झालं.

डी-३०३: शेपूला कोणी ग्रुपमधून रिमूव्ह करा प्लीज 😂

सी-४०४: शेपूचा वास सहन होत नसेल तर जाड देठं सगळी काढा आधी, फक्त कोवळा पाला घ्या, एकदम बारीक चिरा. मुगाची डाळ अर्धा तास भिजवलेली, लसूण सालासकट ठेचून तेलात चांगला लाल होऊ द्यायचा, मग सुकी मिरची मोडून. लसूण कच्चा राहिला की शेपूचा वास वर येतो, लाल झाला की दोघांचं जमतं. बाजरीच्या भाकरीसोबत खा आणि मग सांगा रिमूव्ह करायचं का

बी-१०३: मेथी कडू लागते म्हणून मी मीठ चोळून पिळून घेते, चालतं ना?

ए-१०१ (काकू): चालतं, पण मग मेथी कशाला आणायची, कोबी आणावा. ठेपल्यात पराठ्यात पिळून घातलीस तर ठीक, भाजीत नको.

बी-१०३: 😅 बरं काकू. पण कच्ची मेथी खाऊन बघा कोणी, आमच्या सोलापूरकडे घोळाणा करतात. कोवळी मेथी बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचं कूट, मीठ, तिखट, लिंबू आणि वरून हिंगाची कडकडीत फोडणी, हाताने कालवायचं आणि लगेच गरम भाकरीबरोबर खायचं, ठेवायचं नाही. शिजवलेल्या मेथीपेक्षा कमी कडू लागते असं मला तरी वाटतं. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा पण करतात, त्या पानांवर आंब असते, खसाखसा धुतली की आंबटपणा गेला समजा, नुसती एका पाण्यातून काढायची

ए-५०२ (सर): बरोबर. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्सॅलिक आम्ल पाझरतं, तीच आंब. शेतात सकाळी त्यातून चालत गेलं तर पायाला चुरचुरतं.

सी-४०४: आंबटाचा विषय निघाला तर अंबाडी राहिली. आमच्याकडे अमरावतीला हिवाळ्यात अंबाडी झाल्याशिवाय जमत नाही. पाला उकडून पहिलं पाणी टाकून द्यायचं, नाहीतर दात आंबतात. मग शिजलेली तुरीची डाळ, तांदळाच्या नाहीतर ज्वारीच्या कण्या, हिरवी मिरची, सगळं मऊ शिजवून घोटायचं. खरी मजा वरच्या फोडणीत, तेल जरा सढळ, लसणाच्या पाकळ्या जाडसर, लाल मिरची, आणि ती फोडणी भाजीत ढवळायची नाही, ताटात भाजी वाढून मधे खळगा करून त्यात ओतायची. ज्वारीची भाकर आणि कांदा. पोळीबरोबर नका खाऊ, वाया जाते

ए-५०२ (सर): भांडं कुठलं वापरता? अंबाडी, चुका, चिंच घातलेलं अळू हे लोखंडी कढईत नको, धातूची चव येते आणि रंग काळपट होतो. बिनकल्हईच्या पितळेत तर अजिबात नको. स्टील बरं. मेथी, माठ लोखंडीत उत्तम.

सी-४०४: स्टीलच सर. आईचं पितळी पातेलं आहे पण कल्हईवाला आता येतो कुठे

ए-२०२ (सध्या न्यू जर्सी): इथे मध्यरात्र झालीय आणि तुम्ही अंबाडी काढलीत, शोभत नाही हे 😭 इथे इंडियन स्टोअरमध्ये फ्रोजन मेथीच्या वड्या मिळतात, त्या थालीपिठात बऱ्या पण भाजीला नाही. आम्ही केल नावाची इथली पालेभाजी आणतो, पान जाड असतं, मधली शीर काढून टाकायची, बारीक चिरून लसूण मिरचीवर परतायचं, थोडा पाण्याचा हबका, आणि डाळीचं पीठ पेरून वाफ. मेथी समजून नाही खायची, करडई समजून खाल्ली तर जमते

बी-३०२: पीठ पेरायचं म्हणजे नक्की कसं? माझं नेहमी गोळे होतात

बी-१०३: भाजीत पाणी आहे तेव्हाच घालू नको, आधी आळू दे. आच बारीक कर, पीठ चमच्याने चिमूट चिमूट सगळीकडे भुरभुरव, लगेच ढवळू नको, दोन मिनिटं झाकण ठेव, इथे झाकण चालतं. मग वर खाली कर. पीठ आधी कोरडं भाजून घेतलंस तर कच्चट वास पण येत नाही आणि गोळे पण नाहीत. कडेने चमचाभर तेल सोड

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, चर्चा उत्तम आहे पण मेन्टेनन्सचा मेसेज वर गेला, तो परत टाकत आहे. तसेच भाजीची देठे, मुळे सिंकमध्ये टाकू नयेत, मागच्या आठवड्यात बी विंगची लाइन चोकअप झाली होती. ओल्या कचऱ्याच्या डब्यातच टाकावीत. धन्यवाद.

ए-१०१ (काकू): मेथीची मुळं टाका कचऱ्यात पण माठाचे देठ कशाला टाकता? सोलून दोन बोटं लांबीचे तुकडे करून आमटीत घाला, चोखून खायला शेवग्याच्या शेंगेइतके छान लागतात.

बी-३०२: मी तर सगळे देठ काढून ठेवलेत टाकायला 🤦‍♀️ बरं काकू चाकवत राहिलाच, ताक घातलं की फाटतं माझं

ए-१०१ (काकू): चाकवत नुसता शिजवायचा, त्यात घालायची भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि दाणे वेगळे वाफवून घ्यायचे. भाजी रवीने घोट, मिक्सरला लावू नको, बुळबुळीत होते. ताक फार आंबट नको आणि फ्रिजमधून थेट नको. त्यात डाळीचं पीठ आधी कालवून घे, पीठ ताकाला धरून ठेवतं. मग भाजीत घालून बारीक आचेवर सारखं ढवळत राहा, पीठ शिजेपर्यंत, खळखळा उकळू नकोस. चवीला गुळाचा खडा. फोडणी वेगळी करायची, त्यात मेथीदाणे चार, लसूण आणि सुकी मिरची, वरून घालायची. भाताबरोबर खा.

सी-२०१: बी-३०२ ते माठाचे देठ टाकणार असशील तर मला दे, मी संध्याकाळी वालाच्या डाळिंब्यांत घालते

बी-३०२: घ्या ना ताई, जिन्यात भेटते पाच मिनिटांत. आणि माठ पण तुमच्याच पद्धतीने करते आता, खोबरं आहे घरात

डी-३०३: ताई वालाची भाजी झाली की एक वाटी डी विंगला पण येऊ द्या

सी-२०१: येऊन घेऊन जा, वाटी धुऊन आण