‘एमबीए’च्या आधी ‘अ’ की ‘ॲन’?

अर्जदार२४: नोकरीच्या इंग्रजी अर्जात ‘अ एमबीए’ लिहिलं की सॉफ्टवेअर ‘ॲन’ सुचवतं. ‘ॲन युनिव्हर्सिटी’ लिहिलं की ‘अ’ सुचवतं. शाळेत तर ए, ई, आय, ओ, यू यांच्याआधी ‘ॲन’ असं शिकवलंय. एम व्यंजन आणि यू स्वर, मग हे उलटं कसं?

शब्दवेध: सॉफ्टवेअरचं बरोबर आहे. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. आपल्याकडे तर त्याची कसोटी हाताशीच आहे: शब्द जसा उच्चारतात तसा देवनागरीत लिहा. सुरुवात अ ते औ, ॲ किंवा ऑ यांनी झाली तर ‘ॲन’, व्यंजनाने झाली तर ‘अ’. एमबीए ‘ए’ने सुरू होतं, म्हणून ‘ॲन’. युनिव्हर्सिटीत पहिला ‘य’, म्हणून ‘अ’. युरोपियन, यूज्ड कार, वन-वे रोड यांनाही ‘अ’च. अवर (तास), ऑनेस्ट, ऑनर यांच्या स्पेलिंगमध्ये आधी एच असतो, पण तो मुका. म्हणून ‘ॲन अवर’. हॉटेलमधला ‘ह’ ऐकू येतो, म्हणून ‘अ हॉटेल’.

आणि पाहायचा तो लगेच पुढचा शब्द, नाम नव्हे. ‘ॲन एमएलए’, पण ‘अ फॉर्मर एमएलए’. ‘अ यूज्ड बुक’, पण ‘ॲन अनयूज्ड बुक’. घाईत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण विशेषण नंतर घातलं जातं आणि आधीचा ‘ॲन’ तसाच राहतो.

मुद्रितशोधक: लघुरूपांबद्दल थोडी भर. अक्षरं सुटी वाचायची असतील तर अक्षराच्या नावाचा उच्चार धरा. ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स या 12 अक्षरांआधी ‘ॲन’, उरलेल्या 14 आधी ‘अ’. म्हणून ॲन एफआयआर, ॲन आरटीआय ॲप्लिकेशन, ॲन एमपीएससी कँडिडेट. पण अ यूपीएससी कँडिडेट, अ यूपीआय पेमेंट. ‘ॲन ओटीपी’, पण पूर्ण लिहिलं तर ‘अ वन-टाइम पासवर्ड’. अख्खा शब्द म्हणून वाचतात तिथे त्या शब्दाचा उच्चार: सुटी अक्षरं वाचतो म्हणून ॲन एनजीओ, पण अख्खा शब्द वाचतो म्हणून अ नासा मिशन.

आकड्यांनाही हेच लागू. 8, 11, 18 आणि 80 ते 89 यांच्याआधी ‘ॲन’: ॲन 11 केव्ही लाइन, ॲन 18-इयर-ओल्ड. 100 मात्र ‘वन हंड्रेड’, म्हणून ‘अ’.

अर्जदार२४: एसटीला बरेच जण ‘यस.टी.’ म्हणतात आणि लिहितातही. मग कसोटी फसणार ना?

शब्दवेध: हो, खाचखळगा आहे तो नेमका इथेच. ‘यम.ए.’, ‘यस.टी.’ हे आपल्या बोलण्याचं वळण झालं. इंग्रजी उच्चार एम आणि एस, म्हणून ‘ॲन’च. शंका आली तर शब्दकोशातला उच्चार पाहा. काही शब्दांचे खुद्द इंग्रजीतच दोन उच्चार आहेत: ब्रिटिश ‘अ हर्ब’ म्हणतात, अमेरिकन ‘ॲन अर्ब’. संगणकवाल्यांचं एसक्यूएल सुटं वाचलं तर ‘ॲन’, ‘सीक्वेल’ म्हटलं तर ‘अ’. लेखात एक उच्चार धरून तोच शेवटपर्यंत ठेवा.

मुद्रितशोधक: मूळ रूप ‘ॲन’च, ‘वन’चा सख्खा भाऊ, व्यंजनाआधी त्याचा ‘न’ गळाला. त्या ‘न’ने घोळही घातलेत. ‘एप्रन’ आधी ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ लोकांना ‘ॲन एप्रन’ ऐकू आलं आणि स्पेलिंगही तसंच रूढ झालं.